दुखणं त्याचं, कार्यक्रम आपला

जून 1977 संपत आलाय. तुम्ही फिलाडेल्फिया शहराच्या दक्षिण भागात, ‘स्पेक्ट्रम’ नावाच्या मोठ्या बंदिस्त क्रीडागाराच्या मागच्या अंगाला उभे आहात. एरवी इथे बास्केटबॉल आणि आइस हॉकीचे सामने होतात. आज ‘पिंक फ्लॉइड’चा कार्यक्रम आहे. पुढून येणारा हजारो माणसांचा गलका काँक्रीटमधून तुमच्यापर्यंत पोचतो तेव्हा त्यातले शब्द गळून गेलेले असतात, नुसती घरघर उरलेली असते. तिकडे जायची घाई करू नका. आधी या खोलीत या.

आत एक उंच, सडपातळ माणूस पोट धरून बसला आहे. रॉजर वॉटर्स, वय 33. बँडचा बास गिटारवादक. गाण्यांचे शब्द बहुतेक त्याचेच, आणि आताशा बँडचा गाडाही त्याच्याच मताने चालतो. पोटात कळा येताहेत. डॉक्टरला बोलावलंय. डॉक्टर कुठे दाबून बघतो, काय विचारतो, याकडे फार लक्ष देऊ नका. उपचार काय करायचा ते पलीकडच्या गलक्याने आधीच ठरवून टाकलंय. या माणसाला थोड्याच वेळात उभं राहायचंय आणि पुढचे दोन तास उभंच राहायचंय.

तुम्हाला एक गोष्ट माहीत आहे, जी त्या खोलीत कुणालाच माहीत नाही. हे नुसतं पोटाचं दुखणं नाही. वॉटर्सला हिपॅटायटिस झालाय, त्याच्या यकृताला सूज आहे, आणि ते कळायला अजून वेळ आहे. डॉक्टर त्याला गुंगी आणणारं, स्नायू सैल करणारं इंजेक्शन देतो. तुम्ही वैद्यकाशी संबंधित असाल तर तुमच्या जिवाची घालमेल होईल. अशा बऱ्याच औषधांचा निचरा यकृतच करतं. यकृतच आजारी असेल तर औषध अंगात रेंगाळतं, गुंगी लांबते. पण तुम्ही भविष्यातून आलात, तुमचा आवाज तिथे कुणाला ऐकू जाणार नाही. सुई आत जाते. कळा ओसरतात. माणूस उठतो.

आता त्याच्यामागून रंगमंचाच्या कडेला या आणि त्याचे हात बघा. बास गिटारच्या तारा जाड असतात. डाव्या हाताच्या बोटांनी तार फ्रेटमागे नीट दाबली नाही तर स्वर उभा राहत नाही, तार लाकडावर नुसती खरखरते. वॉटर्सची बोटं आज त्याची राहिलेली नाहीत. हात वर उचलायचा म्हटलं तरी तो कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा जड. त्यातून या दौऱ्यात तो कानाला हेडफोन लावून वाजवतो, कारण मागच्या गोल पडद्यावरच्या चित्रफितींशी संगीत जुळवून घ्यायचं असतं. म्हणजे टाळ्यासुद्धा त्याच्या कानावर अर्ध्यामुर्ध्याच पोचतात. आयुष्यातले सर्वांत लांब दोन तास ते होते, असं तो पुढे सांगेल. आणि समोरच्या गर्दीतल्या एकालाही काही वेगळं जाणवत नाही. लोक खूश आहेत. कार्यक्रम उत्तम झाला.

पुढे जे गाणं होणार आहे, त्याचं बीज याच संध्याकाळी पडलं. ‘कम्फर्टेबली नम’ हे नशेचं गाणं आहे असं समजून ऐकणारे जगभर आहेत. मला ते पटत नाही. हे तपासणीच्या खोलीतलं गाणं आहे. एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला रुग्ण, आणि दोघांच्या मध्ये तो न दिसणारा तिसरा, ज्याचं तिकीट आधीच विकलं गेलंय.

क्षणभर याच देशात थांबा, कारण त्याच आठवड्यात दुसरीकडे काय चाललंय हे बघितल्याशिवाय ही खोली नीट समजणार नाही. 26 जूनला इंडियानापोलिसमध्ये एल्विस प्रेस्ली त्याच्या आयुष्यातला शेवटचा जाहीर कार्यक्रम करून गेला आहे. महिन्याभरापूर्वी तो याच ‘स्पेक्ट्रम’मध्ये गायला होता. सुजलेला, थकलेला, 42 वर्षांचा माणूस, आणि त्याच्याबरोबर त्याचा डॉक्टर, जॉर्ज निकोपोलस. झोपेसाठी गोळ्या, जागं राहण्यासाठी गोळ्या, दुखू नये म्हणून गोळ्या. वर्षभरात हजारोंनी लिहून दिलेल्या. 16 ऑगस्टला एल्विस जाईल. निकोपोलसवर खटला चालेल, 1981 मध्ये ज्युरी त्याला निर्दोष सोडेल, आणि 1995 मध्ये त्याचा वैद्यकीय परवाना कायमचा रद्द होईल. मी त्याला राक्षस मानत नाही. आपण नाही दिलं तर तो दुसऱ्याकडून घेईल, असं त्याचं म्हणणं होतं, आणि त्यात तथ्य नसेलच असं नाही. पण ज्या डॉक्टरला रुग्ण बरा व्हायला हवा की रुग्ण उद्या रात्री गायला हवा, यातला फरक करण्याची मुभाच उरलेली नसते, तो डॉक्टर कार्यक्रमाच्या सामानातला एक नग होऊन जातो. ध्वनिक्षेपक, दिवे, तारा, डॉक्टर.

आता बरंच मागे चला. इंग्लंडमधलं केंब्रिज. दुसरं महायुद्ध संपून काही वर्षं झाली आहेत. वॉटर्सचे वडील फेब्रुवारी 1944 मध्ये इटलीत, आन्झिओच्या लढाईत मारले गेले. तेव्हा हा पाच महिन्यांचा होता. आई शिक्षिका. आज मुलाला ताप चढलाय, 105 अंशांपर्यंत. तो बरळतोय. तुम्ही पलंगाजवळ बसा आणि त्याच्या नजरेकडे बघा. तो स्वतःच्या हातांकडे बघतोय, आणि ते हात त्याला फार मोठे, भयंकर मोठे वाटताहेत. तुमच्यातल्या काहींना ही जाणीव ओळखीची वाटेल. लहानपणी तापात असताना पंजा उशीएवढा झालाय, खोली लांब लांब सरकतेय, आईचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतोय, असं अनेकांना झालेलं असतं आणि मोठेपणी ते कुणाला सांगायचं राहून जातं. जॉन टॉड या इंग्रज मनोविकारतज्ज्ञाने 1955 मध्ये शरीराच्या आकाराच्या अशा भासांवर लेख लिहिला आणि लुईस कॅरलच्या ॲलिसवरून त्यांना नाव दिलं. अर्धशिशीत हे होतं, काही विषाणूजन्य आजारांत होतं, मुलांना तापात होतं. स्वतःचं शरीर केवढं आहे याचा मेंदूने मांडलेला हिशेब तेवढ्यापुरता बिघडतो. ताप उतरला की बहुधा तोही ठीक होतो.

फिलाडेल्फियात सुईनंतर बोटं परकी झाली तेव्हा वॉटर्सला हा ताप आठवला की लिहायला बसल्यावर आठवला, त्याचं उत्तर आपल्या हाती नाही. गाण्यात मात्र दोन्ही शेजारी शेजारी आले. डॉक्टरसमोर बसलेला मोठा माणूस आपली अवस्था सांगायला लागतो आणि त्याला उपमा सापडते ती लहानपणच्या आजारपणातली. ही जागा ऐकताना मला दरवेळी गलबलून येतं. आपण कितीही मोठे झालो तरी तपासणीच्या टेबलावर आडवं झाल्यावर जे वय उरतं, ते यात नेमकं पकडलंय.

आणखी एक ठिकाण टाळता येणार नाही. 1967 सालचा उत्तरार्ध. उत्तर लंडनमध्ये एक गाडी उभी आहे आणि तुम्ही मागच्या सीटवर आहात. गाडी वॉटर्सने चालवत आणली आहे. बरोबर सिड बॅरेट. वय 21. बँडचा पहिला गायक, पहिला गीतकार, पहिला चेहरा. एलएसडी बेसुमार झालंय, आणि त्याखाली आणखी काही आहे की नाही हे कुणाला कळत नाही. गाडी आलीय आर. डी. लैंग यांच्याकडे. ‘द डिव्हायडेड सेल्फ’ हे त्यांचं पुस्तक 1960 चं. वेडाचं बोलणं नीट ऐकलं तर त्यातही अर्थ लागतो, असं मांडणारा हा मनोविकारतज्ज्ञ लंडनच्या तरुण कलावंतांत तेव्हा मोठं नाव होतं. म्हणजे माणूस योग्य होता, वेळही योग्य होती. पण सिड काही केल्या तयार होत नाही. भेट होत नाही. गाडी परत फिरते.

या फेरीतली दुसरी अर्धी गोष्ट कमी सांगितली जाते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बँड सिडला घेऊन अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. तिथे तो मंचावर उभा राही आणि पुष्कळदा वाजवतच नसे. टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर शून्यात बघत राही. तरी तारखा ठरलेल्या होत्या, म्हणून त्याला उभं केलं जात होतं. मग डेव्हिड गिलमोर या केंब्रिजच्याच मित्राला बँडमध्ये घेतलं. जानेवारी 1968 मध्ये एका कार्यक्रमाला निघताना बँडने गाडी सिडच्या घराकडे वळवलीच नाही. एवढ्यावर तो विषय संपला. जून 1975 मध्ये ॲबी रोड स्टुडिओत एक जाडजूड, टक्कल केलेला, भुवयाही काढलेला माणूस आला, तेव्हा तो सिड आहे हे ओळखायला त्याच्या मित्रांना वेळ लागला.

म्हणून फिलाडेल्फियाच्या त्या खोलीत वॉटर्स पहिल्यांदाच नव्हता. दहा वर्षांपूर्वी तो उंबऱ्याच्या दुसऱ्या बाजूला होता, आजारी माणसाला मंचावर धाडणाऱ्यांत. गाण्यात तो डॉक्टरचा भाग स्वतः गातो आणि रुग्णाचा भाग गिलमोरला देतो. रुग्ण तो स्वतः होता, तरीही. आवाजाची उंची, गळ्याची जात ही कारणं असतीलच. मला मात्र ही वाटणी त्याहून जास्त खरी वाटते.

1978 मध्ये या. फ्रान्सच्या दक्षिणेला, नीस शहराच्या वरच्या डोंगरात, बेर-लेझ-आल्प गावाजवळ ‘सुपर बेअर’ नावाचा स्टुडिओ आहे. गिलमोर तिथे आपला पहिला स्वतंत्र अल्बम करतोय. काम संपत आलंय, आणि त्याच्या हातात एक चाल आली आहे जी या अल्बममध्ये घ्यायला उशीर झालाय. शब्द नाहीत. तो गिटारवर झणकारे मारत गुणगुणतो आणि ते टेपवर ठेवून देतो. दाराशी उभे राहा आणि ऐका. आजार नाही, डॉक्टर नाही, भिंत नाही. नुसती वर उचलत नेणारी चाल. पुढे ‘द वॉल’, म्हणजे ‘भिंत’, या बँडच्या अल्बमचं काम सुरू झाल्यावर ती बँडसमोर येते. निर्माता बॉब एझरिन तिच्या मागे लागतो, वॉटर्स शब्द लिहितो. काही काळ तिचं कामचलाऊ नाव ‘द डॉक्टर’ असंच होतं.

आता इथे जरा बसू. गाणं आतून कसं बांधलंय ते बघण्यासारखं आहे, आणि आपल्या संगीताचा कान असलेल्याला ते चटकन कळेल.

डॉक्टरची कडवी ‘बी मायनर’मध्ये आहेत. बी हा षड्ज धरला तर गंधार, धैवत, निषाद कोमल. आसावरी थाटाचे स्वर. वॉटर्सचा आवाज कोरडा, जवळजवळ बोलल्यासारखा. तो हाक मारून बघतो, कुठे दुखतंय विचारतो, धीर देतो. प्रत्येक ओळ उतरत उतरत परत त्याच जागी येऊन बसते. मग रुग्ण बोलतो आणि सगळं ‘डी मेजर’मध्ये उघडतं. गंमत अशी की ‘बी मायनर’ आणि ‘डी मेजर’ यांचे सातही स्वर तेच. षड्ज तेवढा सरकलाय. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात: बिलावलचे स्वर घ्यायचे आणि धैवताला सा मानायचं, की आसावरी उभा राहतो. डॉक्टर आणि रुग्ण एकाच खोलीत, तेच स्वर घेऊन बसलेले आहेत, आणि दोघांचा सा वेगळा आहे. दोघांची भेट होत नाही ती इथे. मग ध्रुवपदात पुढे ‘सी’ हा कॉर्ड येतो, म्हणजे डीच्या हिशेबाने कोमल निषाद, आणि त्या उजेडाला खमाजसारखी एक हुरहुर लागते. वर मायकेल केमनने बांधलेला वाद्यवृंद. व्हायोलिनं खालून पाण्यासारखी चढत येतात आणि ऐकणाऱ्याचे खांदे आपोआप सैल होतात. ही औषधाची तार आहे, हे ठाऊक असूनही होतात.

पहिल्या ध्रुवपदानंतरचा गिटारचा छोटा तुकडा याच उजेडातला आहे. मग डॉक्टर परत येतो. सुई टोचते आणि मागून एक किंकाळी ऐकू येते. ती लक्ष देऊन ऐका, बऱ्याच जणांची निसटते. दुसऱ्या ध्रुवपदात रुग्णाला लहानपणी डोळ्यांच्या कडेने दिसलेलं काहीतरी आठवतं, जे आता हाती लागत नाही. आणि त्यानंतर तो पुन्हा कधीच बोलत नाही. तिथे सुरू होतो रॉक संगीतातला बहुधा सर्वांत लाडका गिटार सोलो, आणि तो ‘डी मेजर’मध्ये नाही. तो डॉक्टरच्या कडव्यांच्या कॉर्डांवर, ‘बी मायनर’मध्ये आहे. रुग्णाला परत डॉक्टरच्या जमिनीवर आणून उभं केलंय.

म्हणजे हा सोलोच कार्यक्रम आहे. सुई कामाला आली, माणूस उठला, मंचावर गेला, दिवे लागले आणि तो असा काही वाजला की अठरा हजार लोक वेडे झाले. आपण ज्या दोन मिनिटांवर जीव ओवाळून टाकतो, ती त्या इंजेक्शनने विकत घेतलेली दोन मिनिटं आहेत. हे मला उमगल्यापासून मी तो सोलो कमी ऐकत नाही, उलट जास्त ऐकतो. पण आता त्यातला एकेक ताणलेला स्वर सुन्न केलेल्या माणसाच्या आतून येतो असं वाटतं. जे बोलायची सोय उरली नाही, ते तारा सांगतात.

त्या सोलोचं काम जवळून बघायचं असेल तर 1979 च्या स्टुडिओत मिक्सिंग टेबलाशी या. गिलमोर एकामागून एक पाच-सहा सोलो वाजवून ठेवतो, वेगवेगळ्या ट्रॅकवर. मग कागद घेतो आणि प्रत्येक ट्रॅक ऐकत एकेका जागेवर खुणा करत जातो: ही ओळ चांगली, ही नको, ही अर्धी ठेवू. शेवटी टेबलावरचे फेडर एक खाली, एक वर असे सरकवत एका सोलोतून दुसऱ्या सोलोत उडी मारतो, आणि ही जोडकामं ऐकू येणार नाहीत असा एकच प्रवाह तयार होतो. उत्स्फूर्त वाटणाऱ्या गोष्टीमागे एवढी निवड असते, हे आपल्या ठुमरी-गझलवाल्यांना वेगळं सांगायला नको.

आणि भांडणंही होती. वॉटर्स आणि एझरिनला केमनचा वाद्यवृंद हवा होता, गिलमोरला जास्त खडबडीत, गिटार-ड्रमवाली आवृत्ती. लॉस एंजलिसच्या नॉर्थ हॉलीवुड भागातल्या एका रेस्तराँमध्ये यावरून चांगलीच जुंपली. शेवटी तडजोड झाली: गाण्याचं अंग वाद्यवृंदाचं, शेवटचा सोलो गिलमोरच्या पसंतीचा. कुणाचं किती, यावर वॉटर्स आणि गिलमोर यांचं पुढेही एकमत झालं नाही. पण तडजोडीने गाण्याचं भलं केलं. डॉक्टरच्या खोलीत मऊ सतरंजी अंथरलेली आहे आणि मंचावर पाऊल ठेवताच ती पायाखालून निघून जाते.

‘द वॉल’ इंग्लंडमध्ये 30 नोव्हेंबर 1979 ला बाजारात आला. समजा तुम्ही त्या आठवड्यात लंडनच्या एका भाड्याच्या खोलीत बसून दोन तबकड्यांचा तो अल्बम लावलाय. तिसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं हे. सोलो चालू असतानाच विरत जातो, संपत नाही. तबकडी थांबते. तुम्हाला उठावं लागतं, ती उलटावी लागते, सुई पुन्हा ठेवावी लागते. चौथ्या बाजूचं पहिलंच गाणं ‘द शो मस्ट गो ऑन’. ऐकणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या हातांनी कार्यक्रम पुढे चालू करायला लावणारी ही मांडणी कॅसेटवर आणि आता फोनवर हरवून जाते, म्हणून तुम्हाला मुद्दाम त्या खोलीत आणलं.

पुढचा मुक्काम ऑगस्ट 1980, लंडनचं अर्ल्स कोर्ट. पुठ्ठ्याच्या विटांची, सुमारे 40 फूट उंचीची भिंत कार्यक्रमाच्या पहिल्या भागात तुमच्या डोळ्यांदेखत रचली गेली आहे आणि बँड तिच्याआड गडप झालाय. भिंतीच्या पायथ्याशी प्रकाशाचं एक वर्तुळ, त्यात वॉटर्स, डॉक्टरच्या वेशात. तो कडवं म्हणतो. समोर रुग्ण दिसतच नाही. मग ध्रुवपदाच्या पहिल्या अक्षरासरशी वर, भिंतीच्या माथ्यावर, मागून निळे-पांढरे दिवे भडकतात आणि त्या झोतात गिलमोर उभा असतो. त्याची सावली प्रेक्षकांवर पडते. हजारो माना एकदम वर होतात. त्या क्षणी मीही तुमच्यासारखाच वर बघतो. न बघणं शक्यच नाही.

पण जमलं तर भिंतीच्या मागे जाऊन या. गिलमोर उभा आहे तो चाकं असलेल्या सामानाच्या पेटीवर. पेटी आहे यांत्रिक शिडीच्या फळीवर, आणि एक तंत्रज्ञ ती सरकू नये म्हणून घट्ट धरून बसलाय. समोरून देवदूत, मागून हा प्रकार. खाली अंधारात रिचर्ड राइट ऑर्गन वाजवतोय. आदल्या वर्षी त्याला बँडमधून बाहेर काढलंय आणि या प्रयोगांपुरतं पगारावर ठेवलंय. हे प्रयोग एवढे खर्चिक होते की भागीदार तिघांना तोटा झाला, पैसे मिळाले ते पगारी राइटला. बँडच्या नावाखाली चार माणसं एकमेकांशी जेमतेम बोलताहेत आणि कार्यक्रम मात्र घड्याळासारखा चाललाय.

‘द वॉल’वरचा 1982 चा ॲलन पार्करचा चित्रपट मी ओलांडून जातो. त्यात बॉब गेल्डॉफला इंजेक्शन देऊन फरफटत नेतात ते दृश्य प्रभावी आहे, पण त्यात सगळं दिसतं, आणि या गाण्यात न दिसणाऱ्याची किंमत जास्त आहे. 2 जुलै 2005 ला मात्र लंडनच्या हाइड पार्कच्या हिरवळीवर थोडं थांबू. ‘लाइव्ह 8’ नावाचा मोठा कार्यक्रम. 24 वर्षांनी चौघे एका मंचावर आहेत आणि त्यांचं शेवटचं गाणं हेच. वॉटर्स हसतोय, गिलमोर अवघडलेला आहे. सोलो संपल्यावर चौघे गळ्यात हात टाकून वाकतात. हे चौघांचं शेवटचं एकत्र वादन ठरलं. पुढच्या जुलैत सिड गेला, सप्टेंबर 2008 मध्ये राइट. फेब्रुवारी 2007 मध्ये वॉटर्स मुंबईत आला होता तेव्हाही कार्यक्रमाचा शेवट याच गाण्याने झाला. तुमच्यापैकी काही जण तिथे खरोखरच होते. त्यांना मी न्यायची गरज नाही.

आणि आता 6 जुलै 2022, पिट्सबर्ग. वॉटर्स 78 वर्षांचा आहे. नव्या दौऱ्याचा पहिला दिवस. दिवे मालवतात आणि सुरुवातच या गाण्याने होते, पण ओळख पटायला वेळ लागतो. पट्टी एक स्वर खाली आणली आहे, ‘बी मायनर’चा ‘ए मायनर’ झालाय. चाल संथ. पडद्यांवर उजाड शहर. डॉक्टरचा आवाज आता म्हाताऱ्याचा आहे. ध्रुवपद येतं, तेही अंधारातच राहतं. आणि जिथे गिटार सुरू व्हायची, जिथे आपण इतकी वर्षं श्वास रोखून वाट बघत आलो, तिथे गिटार नाही. सोलो काढून टाकलाय. त्याच कॉर्डांवर शेने जॉन्सन ही गायिका शब्दांशिवाय गाते, आधी विव्हळल्यासारखं, मग पोटातून.

गिलमोरच्या चाहत्यांना हे रुचलं नाही, आणि त्यांचा राग मी समजू शकतो. जुन्या भांडणाचा वास त्याला येतोच. पण या प्रवासातून इथवर आल्यावर मला ते योग्य वाटतं. 1979 च्या ध्वनिमुद्रणात आजारी माणूस उठून उत्तम वाजवतो. इथे तो फक्त आजारी आहे, आणि गाणं संपेपर्यंत कुणी त्याला उभं करत नाही. शिवाय ते आता शेवटी नाही, आरंभी आहे. ते झालं की त्या 78 वर्षांच्या माणसाला अजून संपूर्ण कार्यक्रम करायचाय.